१९७४ ची बुलेट की १९८६ ची राजदूत ३५०?

धंतोली_३५०:
नमस्कार मंडळी. या दोन गाड्या बघून ठेवल्यात, दोन्ही चालू आहेत. वापर म्हणजे रविवारी रामटेक आणि अधूनमधून बर्डीत एक चक्कर. नागपूरच्या उन्हात कोणती कमी छळेल? बघताना काय तपासायचं?

बिडाचं_इंजिन:
भाऊ, दोन्ही ३५०, पण जात वेगळी. बुलेट मद्रासची असली तरी आराखडा इंग्लंडचा, १९४९ चा. एकच सिलिंडर, ३४६ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०. म्हणून कमी आरपीएमलाच (इंजिनच्या कमी फेऱ्यांत) ओढते. राजदूत म्हणजे १९७३ ची जपानी यामाहा आरडी, एस्कॉर्ट्सने १९८३ पासून इथे बनवलेली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ६४ बाय ५४, सहा गिअर. तिला खालच्या आरपीएमला काही जीव नसतो.

बुलेट बिघडायच्या आधी आवाज करते, तेल गाळते. राजदूत सांगत नाही, थेट पिस्टन चिकटतो. मे महिन्याच्या उन्हासाठी माझं मत बुलेटला.

बुलेट तपासताना: इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनला टीडीसीवर, म्हणजे धावेच्या सगळ्यात वरच्या टोकाला आणा, टॅपेटचं झाकण काढा. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलायला नको. पॉइंटचा (ठिणगीसाठी उघडमीट करणाऱ्या संपर्काचा) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, टीडीसीच्या ०.८ मिमी आधी, अ‍ॅडव्हान्स (वेगानुसार ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना. चावी लावून अँपिअरचा काटा बघा: पॉइंट मिटलेले असताना उणेकडे झुकतो, उघडताच शून्यावर येतो. तो क्षण म्हणजे टायमिंग.

गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की तेलाच्या टाकीतलं तेल क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पेटीत) उतरतं. किक मारताच ब्रीदरमधून (इंजिनच्या हवेच्या नळीतून) तेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर. घाबरू नका. पण डिपस्टिक दहा मिनिटं चालवून झाल्यावरच बघा, आधी बघून तेल ओतलं तर जास्त होतं.

टूस्ट्रोक_सदर:
राजेहो, राजदूतला उगाच बदनाम नका करू. चिकटते ती बहुतेक हवा ओढते म्हणून. क्रँकचं डावं रबरी सील, पॉइंट आणि अल्टरनेटरच्या बाजूचं, कडक झालं की बाहेरची हवा आत येते, पेट्रोल-हवेचं मिक्श्चर पातळ होतं (पेट्रोल कमी पडतं), पिस्टन तापतो. ओळखायची खूण: थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लवकर खाली येत नाही. क्लचकडचं उजवं सील गेलं तर गिअरचं तेल ओढतं; पांढरा धूर सुटतो आणि गिअरबॉक्समधलं तेल कमी होत जातं.

हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मिक्श्चर आणखी पातळ होतं. कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोलचं छिद्र) एक नंबर मोठा टाका, प्लग चॉकलेटी आला पाहिजे. पांढरा आला तर थांबा. पेट्रोलचे रबरी पाइपही नवे घ्या. ऑटोल्यूबची (इंजिनला आपोआप टू-स्ट्रोक तेल देणाऱ्या पंपाची) टाकी कोरडी पडली असेल तर पंपाचा ब्लीड स्क्रू उघडून बुडबुडे थांबेपर्यंत तेल जाऊ द्या. दोन्ही सिलिंडरचे पॉइंट वेगवेगळे लावायचे, टायमिंग टीडीसीच्या २ मिमी आधी, डायल गेजनेच (पिस्टनचं अंतर मोजणाऱ्या घड्याळी मापाने). अंदाजाने लावलेलं टायमिंग हाच या गाडीचा खरा शत्रू.

ब्रेकचंही बघा. जपानी आरडीला पुढे डिस्क होता, राजदूतला ड्रम. वेग मात्र भरपूर, हे विसरू नका.

धंतोली_३५०:
आणि कागदपत्रं?

बिडाचं_इंजिन:
पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, दोघींनाही. ५० वर्षं पार केल्यामुळे बुलेट व्हिंटेज नोंदणीत बसते, राजदूत अजून नाही. पण व्हिंटेज नंबर घेतला तर रोजच्या वापराला बंदी आहे. रामटेकला दर रविवारी जायचं असेल तर त्या भानगडीत पडू नका, साधं नूतनीकरणच करा. आरसीवरचा इंजिन नंबर केसवरच्या नंबराशी जुळवून मगच पैसे द्या.