सुकवलेल्या फुलांनी ईस्टरची अंडी सजवताना पाकळ्यांच्या कडा उचलल्या जातात, उपाय सुचवावा

शब्बाथशाळा_दारव्हा

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातील एका गावात आमची लहानशी मंडळी आहे. शब्बाथ शाळेतील मुलांकडून यंदा ईस्टरची अंडी रंगवून घेण्याऐवजी, पुस्तकात दाबून सुकवलेली फुले चिकटवून ती सजवून घ्यावीत, असा विचार आहे. नमुन्यादाखल काही अंडी केली, तेव्हा दोन अडचणी आल्या. जास्वंदीची पाकळी मधोमध नीट बसते, परंतु वाळल्यावर तिच्या कडा उचलल्या जातात आणि बोट लागताच त्यांचा चुरा होतो. गोकर्णाची फुले अंड्याच्या पांढऱ्या बलकाने चिकटवली, तर त्यांचा निळा रंग हिरवट पडतो. शिवाय त्या सुमारास आमच्याकडे पारा चाळिशीच्या आसपास असतो, त्यामुळे अंडी उकडून घ्यावीत की आतून रिकामी करावीत, हेही ठरत नाही. पळस सगळीकडे फुललेला असतो. तो वापरता येईल का? शक्यतो गावात मिळेल त्याच साहित्यात काम व्हावे, अशी इच्छा आहे.

रानफूल_वाशीम

सलाम, ताई. कडा उचलल्या जातात यात गोंदाचा दोष कमी आणि पाकळीच्या आकाराचा अधिक आहे. अंड्याचा पृष्ठभाग उभा आणि आडवा असा दोन्ही दिशांनी वळलेला असतो. सपाट सुकलेली पाकळी एका दिशेने वाकते, दोन्ही दिशांनी वाकत नाही, म्हणून मोठी पाकळी कुठेतरी सुरकुततेच. त्यामुळे नखाएवढी किंवा त्याहून लहान आणि कागदासारखी पातळ फुलेच घ्यावीत. धन्याच्या पिकावरची पांढरी फुले, शेपूचा आणि गाजराचा पाला, कोथिंबिरीची कोवळी पाने, चिंचेच्या पानांचे सुटे दल आणि बोगनवेलीची रंगीत पाने (ही मात्र कात्रीने लहान करून) उत्तम बसतात. झेंडू अख्खा न घेता त्याच्या पाकळ्या सुट्या करून लावाव्यात. पळसाचे फूल मांसल असते. ते दाबल्यावर काळपट पडते आणि जाडही राहते. मोहाच्या फुलाचेही तेच. पळस होळीच्या रंगासाठीच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फुले दाबताना वर्तमानपत्राची शाई पाकळ्यांना लागते, म्हणून मध्ये कोरा कागद घालावा आणि पहिले काही दिवस तो रोज बदलावा. आपल्याकडची मार्चमधील कोरडी हवा या कामाला फार सोयीची आहे. जेथे दमट हवेत दोन-तीन आठवडे लागतात, तेथे आपल्याकडे पातळ फुले आठवडाभरात तयार होतात. मात्र ती सावलीतच ठेवावीत, कारण उन्हाने रंग उडतो; आणि कूलरच्या झोतापासून दूर ठेवावीत, नाहीतर बुरशी धरते.

चिकटवण्यासाठी पांढऱ्या फेविकॉलमध्ये तेवढेच पाणी घालून ब्रशने अंड्यावर पातळ थर द्यावा, त्यावर फूल ठेवावे आणि ओल्या ब्रशने मधून कडेकडे दाबत जावे. पाकळी फारच कुरकुरीत झाली असेल, तर ती आधी काही मिनिटे ओलसर कापडाच्या घडीत ठेवावी; ती नरम पडते आणि तुटत नाही. अंडे घरंगळू नये म्हणून जुन्या कापडाची लहानशी चुंबळ करून तिच्यावर ठेवावे. सर्व वाळल्यावर त्याच पातळ गोंदाचा आणखी एक हात वरून फिरवावा, म्हणजे उरलेल्या कडाही बसतात.

करडई_पुसद

गोकर्णाच्या रंगाविषयी थोडे सांगतो. त्याचा निळा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा असतो आणि ते आम्ल-अल्कतेनुसार बदलते: लिंबू पिळल्यास जांभळट-गुलाबी होते, अल्कधर्मी पदार्थात हिरवट होते. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा सामू (आम्ल-अल्कतेचे माप; ७ च्या वर अल्कधर्मी) सुमारे ७.६ असतो आणि अंडे जुने होत जाते तसा तो ९ च्या वर जातो. त्यामुळे बलकाने चिकटवलेले गोकर्ण हिरवट पडणारच. निळा रंग हवाच असेल, तर बलक टाळून रानफूल_वाशीम यांनी सांगितलेला गोंद वापरावा. पिवळा आणि केशरी रंग बहुधा कॅरोटिनॉइड द्रव्यांचा असतो व तो अशा बदलाला सहसा दाद देत नाही. झेंडू सुकूनही झेंडूच दिसतो, तो यामुळेच.

पुढच्या वर्षासाठी एक सुचवतो. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो आणि तोवर रब्बीची शेते रिकामी होत आलेली असतात, म्हणून फुले हिवाळ्यातच जमवून ठेवावीत. करडईच्या बोंडातले पिवळे-केशरी तंतू वाळल्यावरही खुलून दिसतात. ते ओल्या गोंदावर चिमटीने भुरभुरावेत. बोंडाला काटे असतात, तेव्हा मुलांऐवजी मोठ्यांनी काढावेत. जवसाची निळी फुले सकाळीच खुडावी लागतात, कारण दुपारपर्यंत त्यांच्या पाकळ्या गळून जातात.

आरोग्यसेविका_मेळघाट

मुले हाताळणार असल्यामुळे हे लिहिणे आवश्यक वाटते. उकडलेले अंडे सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि ३२ अंशांच्या वर हवा तापली असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. गोंद लावलेले अंडे तर खाऊच नये. म्हणून सजावटीसाठी अंडी रिकामीच करावीत. दाभणाने दोन्ही टोकांना छिद्र पाडून त्यातले एक थोडे मोठे करावे, तारेने आतला पिवळा बलक फोडावा आणि तोंडाने फुंकण्याऐवजी सुई काढलेल्या स्वच्छ सिरिंजने हवा भरून बलक बाहेर काढावा. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे कवच आतून-बाहेरून धुवावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. निघालेल्या बलकाची भुर्जी त्याच दिवशी, नीट शिजवून करावी.

फुलांबाबत एक इशारा. बांधावर वाढणाऱ्या गाजर गवताची बारीक पांढरी फुले मुलांना हमखास आवडतात, परंतु त्यांच्या स्पर्शाने अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते. कण्हेर, रुई आणि धोतरा विषारी असल्यामुळे तीही नकोत.

शब्बाथशाळा_दारव्हा

सर्वांचे मनापासून आभार. अंडी रिकामीच करू. तरीही उपासनेनंतर मुलांना खाण्यासाठी काही सजवलेली अंडी देता आली, तर फार बरे होईल. त्यासाठी काही मार्ग आहे का?

रानफूल_वाशीम

आहे, आणि त्यात गोंद लागतच नाही. लॅटव्हियात ईस्टरची अंडी पाने आणि कांद्याची टरफले वापरून रंगवण्याची जुनी रीत आहे. ओल्या अंड्यावर कोथिंबिरीचे किंवा शेपूचे ताजे पान चपटे बसवावे, त्यावर मलमलचा तुकडा किंवा स्वच्छ पायमोजा ताणून दोऱ्याने घट्ट बांधावे आणि कांद्याच्या टरफलांच्या पाण्यात दहा-बारा मिनिटे उकळावे. टरफलांचा तांबूस-तपकिरी रंग कवचावर चढतो आणि पानाखालची जागा फिकी राहून पानाची आकृती उमटते. बांधणी सैल असेल तर रंग पानाखाली शिरतो आणि कडा पुसट येतात. गावरान अंड्याचे कवच मुळातच बदामी असल्याने त्यावर आकृती कमी उठून दिसते. यासाठी दुकानातील पांढरी अंडी घ्यावीत. उपासनेच्या दिवशी पहाटेच उकडून, थंड करून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि वाटण्याच्या वेळीच बाहेर काढावीत. चकाकी हवी असल्यास कापसाच्या बोळ्याने तेलाचा हलका हात फिरवावा. वार्निश मात्र नको.