चार पिढ्यांचं घर कागदावर कसं उतरवायचं?

रावपुराकर: घराणं गायकवाडीपासून वडोदऱ्यात. वंशावळ आहे, पण ती नुसती पुरुषांच्या नावांची. वाड्यातलं भरलं घर ते आजचं तिघांचं फ्लॅटमधलं बिऱ्हाड, हा बदल दिसेल अशी नोंद करायची आहे. पंच्याऐंशीच्या पुढच्या दोन आत्यांची स्मरणशक्ती अजून उत्तम आहे. त्यांना काय विचारावं? तारखा कशा ताडून पाहाव्यात?

घडियाळीपोळ: माणसं नव्हे, चुली मोजा. जनगणनेतही कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. १९५०, १९७५, २०००, २०२५ अशी वर्षं धरा आणि त्या-त्या वर्षी पंगतीला कोण असायचं ते लिहा. विधवा आत्या, शिकायला ठेवलेला भाचा, वारावर जेवणारा विद्यार्थी, सगळे. वंशावळीत त्यांना जागा नसते, घर मात्र त्यांच्यासकट चालायचं.

मग चूल वेगळी कधी झाली ते काढा. वाटणीपत्रावर विसंबू नका, ते बहुतेकदा बरंच नंतर होतं. "एकत्र राहत होतात का?" या प्रश्नाला नुसतं "हो" मिळेल. त्याऐवजी "स्टोव्ह पहिल्यांदा कुणाच्या खोलीत आला?", "पगार कुणाच्या हातात द्यायचे?", "सोवळं कधी सुटलं?" असं विचारा. आणि दोघींशी वेगवेगळं बोला. एकत्र बसवलं की थोरली सांगते, धाकटी मान डोलावते.

जुनी_दप्तरं: तारखांचं बघा. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखांना ७९. गुजराती कागदावरचा संवत कार्तिकात बदलतो, म्हणून दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा, पुढे ५६. इथे हमखास एक वर्ष चुकतं. शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला तर ती जन्मतारीख अंदाजे घातलेली असू शकते.

वर्ष आठवत नसेल तर खुणेची घटना द्या: १ मे १९४९ चं बडोदे संस्थानाचं विलीनीकरण, १९६० चं गुजरात राज्य. ऐकीव गोष्टींसाठी १९२७ चा पूर. लग्नाच्या वयाचा रकाना ठेवाच. बडोदे संस्थानात बालविवाहाविरुद्ध कायदा १९०४ मध्येच आला, त्यामुळे त्यानंतर सांगितलेलं वधूचं वय वाढवलेलंही असू शकतं. जन्मपत्रिका मिळाली तर तिच्याशी ताडा.

माहेरवाशीण: बायकांची नोंद दोन ओळींत करा: माहेरचं नाव, आडनाव, गाव, खाली सासरचं नाव. लग्नात नाव बदलल्यामुळे एकच बाई दोन कागदांवर दोन व्यक्ती वाटते. जन्मलेली मुलं आणि जगलेली मुलं हेही वेगळे रकाने. पिढ्यांमधला सगळ्यात मोठा फरक तिथेच दिसेल. हा प्रश्न मात्र एकांतात, हळू विचारा.

मोडी कागद लॅमिनेट करू नका, ते पुन्हा सुटत नाहीत. खिडकीजवळ सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, पाठीवरचा मजकूरही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जाणार असाल तर वडोदरा सांगून उपयोग नाही. त्यांच्या वंशावळीच्या वह्या आडनाव आणि मूळ गावावरून लागतात. ते गाव आत्यांकडून आधी विचारून घ्या.