अनुभव धागा : कोरियातला रात्रीचा बाजार. काय खाल्लंत, काय आणलंत, कुठे फसलात?

मागच्या ऑक्टोबरात धाकट्या बहिणीबरोबर सोलला जाऊन आले. राजवाडे पाहिले, नदीकाठी फिरलो, पण परतल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतो, "त्या मालिकांत दाखवतात तसं गाडीवर खाल्लंस का?" खाल्लं की. पहिल्याच रात्री, म्यॉंगदोंगला. दुपारी चारच्या पुढे गाडीवाले आपापल्या गाड्या ढकलत आणतात आणि दिवसभर क्रीम-पावडरींची असलेली गल्ली तासाभरात जत्रा होऊन जाते. चीज घालून भाजलेला लॉब्स्टर, काडीवर गोल गोल उलगडलेला अख्खा बटाटा, अंडं घातलेला पाव, स्ट्रॉबेरीवर साखरेचा काचेसारखा पापुद्रा. आम्ही दोघींनी मिळून तासाभरात ४०,००० वॉन उडवले, म्हणजे साधारण अडीच हजार रुपये, आणि पोट काही भरलं नाही. आजूबाजूला पाहिलं तर खाणाऱ्यांत कोरियन माणूस औषधाला नव्हता. सगळे आमच्यासारखेच, एका हातात काडी नि दुसऱ्या हातात फोन.

दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या मुलीला विचारलं, "तू कुठे खातेस गं?" ती हसून म्हणाली, "म्यॉंगदोंगला नाही."

तर ज्यांनी त्या 'नाही'च्या पलीकडचं पाहिलंय त्यांनी लिहा. तिथे राहणाऱ्यांनी, चार दिवस जाऊन आलेल्यांनी, कंपनीने पाठवलेल्यांनी, सगळ्यांनी. यादी नको, प्रसंग सांगा.

मुगडाळ :
मी आईला घेऊन गेले होते. वय ६८, शाकाहारी, साताऱ्याची. कोरियात तिला काय खायला घालायचं या काळजीने मी बॅगेत भाजणी, मेतकूट आणि खाकरे भरले होते. तिसऱ्या संध्याकाळी ग्वांगजांग बाजारात गेलो. १९०५ साली कोरियन व्यापाऱ्यांनी स्वतः कंपनी काढून सुरू केलेला बाजार आहे तो. वरच्या मजल्यावर रेशीम आणि हानबोकची, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाखाची, कापडं, खाली मधोमध खाण्याच्या गाड्या, वर छप्पर. आत शिरल्या शिरल्या आई थबकली. समोर विजेवर फिरणारं दगडी जातं, त्यात वरून भिजवलेली मुगाची डाळ पडतेय आणि कडेने पिवळं पीठ ओघळतंय. आई म्हणाली, "अगं, हे तर मुगाचं धिरडं!"

बिंदेत्तोक त्याचं नाव. धिरडंच, पण आपल्यासारखं पातळ नाही. जाडजूड, मोड आलेल्या मुगाचे कोंब घातलेलं, आणि तेलात जवळजवळ पोहणारं. आईने तेल बघून नाक मुरडलं, मग दोन खाल्ली. मांस नको हे सांगायला मी एक वाक्य पाठ करून गेले होते, "गोगी प्पे जुसेयो", म्हणजे मांस काढून द्या. काही गाड्यांवर पिठातच डुकराचं मांस असतं, म्हणून आधी विचारायचं. बाईंनी मान हलवली, वेगळ्या भांड्यातलं पीठ घेतलं. तळायचं तेल तेच होतं, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. (आई हा धागा वाचत नाही.)

पण खरी गंमत पुढे. शेजारी बसलेल्या मुलाने आणखी एक प्लेट मागवताना हाक मारली, "इमो!" मी फोनवर अर्थ पाहिला. इमो म्हणजे आईची बहीण. मावशी! आईला सांगितलं तशी तिचा चेहराच खुलला. "म्हणजे यांच्यातही भाजीवालीला मावशीच म्हणतात?" पुढचा अर्धा तास आई मराठीत आणि ती बाई कोरियनमध्ये बोलत होत्या. काय बोलल्या देव जाणे, पण गुडघ्यांबद्दल होतं असं हातवाऱ्यांवरून वाटलं. बसायचा बाक आतून गरम केलेला होता. आई उठायलाच तयार नव्हती.

रांगडा_कोल्हापुरी :
त्तोकबोक्की लई तिखट असते म्हणून ऑफिसातल्यांनी घाबरवलं होतं. तांबडा रस्सा पिणाऱ्याला ती गोड लागते. लालभडक दिसते, पण गोचुजांग, म्हणजे त्यांची आंबवलेली मिरचीची लगदी, तिच्यातच गोडवा असतो, वर साखर घालतात ती वेगळी. तांदळाच्या उकडीच्या बोटाएवढ्या कांड्या समजा, चघळायला रबरासारख्या. दुसऱ्या प्लेटनंतर मात्र कानातनं धूर निघाला, हे मान्य करतो. हळू चढते.

आणि बाजूला ओदेंगची, म्हणजे माशाच्या वडीची, काडी घेतली की कढईतलं गरम पाणी, म्हणजे माशाचा रस्सा, कागदी पेल्यात फुकट. हवा तेवढा घ्या. काड्या टाकायच्या नाहीत, त्या मोजूनच पैसे होतात. आमच्या रंकाळ्यावर ही पद्धत आणली तर काड्या खिशात घालून जातील.

कांदालसूणबंद :
धागा वाचून हेवा वाटतोय. मी जैन, दोन वर्षं तेजॉनला संशोधनासाठी होतो. नव्याने जाणाऱ्या शाकाहाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा : माशासारखं दिसतं त्यात मासा नसतो आणि भातासारखं दिसतं त्यात असतो. बुंगओप्पांग हुबेहूब माशाच्या साच्यातला, पण आत 'पात' नावाच्या, लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. उलट ती निष्पाप दिसणारी त्तोकबोक्की सुकवलेल्या बारीक मासळीच्या पाण्यात शिजते, वर माशाचे काप. किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या कोबीतसुद्धा, बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो. मी दोन वर्षं भाजलेली रताळी, भाजलेले चेस्टनट, मक्याची कणसं आणि होत्तोकवर काढली. रताळं तर माझ्या नियमात बसत नाही, पण उणे दहात नियम थोडे वाकतात.

मुगडाळ :
होत्तोक राहिलंच की! गूळपोळीची कोरियन चुलत बहीण. आत ब्राऊन शुगर नि दालचिनी वितळलेली असते. पहिला घास सावकाश घ्या, हनुवटी भाजते.

रात्रपाळी :
माझा अनुभव खाण्याचा कमी, पायपिटीचा जास्त. रांजणगावच्या कंपनीतून सुवॉनला सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. बहिणीचा हुकूम : दोंगदेमूनहून जॅकेट आण, तिथे रात्रभर बाजार चालतो. रात्रभर चालतो हे खरं, पण कुठला बाजार ते तिने सांगितलं नव्हतं.

झाहा हदीद यांनी आराखडा केलेली, २०१४ मध्ये उघडलेली ती चंदेरी, उतरलेल्या यानासारखी इमारत आहे ना, तिच्या एका बाजूला किरकोळ विक्रीचे मॉल आणि दुसऱ्या बाजूला घाऊक. मी रात्री बाराला घाऊक बाजूला शिरलो. आत शनिवारच्या मंडईसारखी गर्दी आणि कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. एक जॅकेट आवडलं, बोट दाखवून एक म्हणालो. बाई म्हणाली नाही. दोन? नाही. घालून बघू? तिने असं पाहिलं जणू मी तिची किडनी मागतोय. नंतर एका कोरियन सहकाऱ्याने सांगितलं की तिथले गिऱ्हाईक म्हणजे देशभरातले दुकानदार. एक नग विकत नाहीत, घालून बघता येत नाही, परत घेत नाहीत.

पण बाहेर फुटपाथवर जे पाहिलं ते विसरणार नाही. माणसाच्या उंचीच्या पिशव्यांचे ढीग, प्रत्येकीवर नाव लिहिलेलं, आणि पाठीवर गठ्ठे घेऊन धावणारे पुरुष. त्यांना 'सामचोन' म्हणतात, म्हणजे काका. गावोगावच्या दुकानांसाठी हे काका रात्री माल गोळा करतात आणि पहाटेच्या आत गाड्यांत भरून धाडतात. संध्याकाळी आठच्या आसपास उघडणारा बाजार पहाटे पाचला मिटतो. मी रात्री दोन वाजता कट्ट्यावर बसून त्यांच्याकडे बघत कॉफी प्यायलो आणि मला आमचं मार्केट यार्ड आठवलं.

सहकाऱ्याचे वडील त्याला सांगायचे की त्यांच्या तरुणपणी मध्यरात्री बारा ते पहाटे चार रस्त्यावर दिसलात तर पोलीस धरत. १९४५ पासूनची ती संचारबंदी जानेवारी १९८२ मध्ये उठली. आज जो देश रात्री झोपत नाही, तो तेव्हा शेवटच्या बससाठी धावायचा.

जॅकेट शेवटी किरकोळ मॉलमध्येच घेतलं. बहीण म्हणते, बाही लांब आहे.

धागाकर्ती :
@रात्रपाळी, मावशी झाली, आता काका. त्या बाजारात सगळं आपलंच गोत भरलंय!

चिमणीचे_बाबा :
एक छोटीशी फजिती. आमची चिमणी सहा वर्षांची. एका गाडीवर मोठ्या पातेल्यातून वाफ येत होती, कागदी पेल्यांत तपकिरी काहीतरी. मी म्हटलं, उकडलेल्या शेंगा! घेतला पेला, दिला तिच्या हातात. तिने एक उचलून जवळून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, याला रेघा आहेत."

रेशमाच्या किड्यांचे कोश होते. बॉनदेगी. तिथली म्हातारी माणसं आवडीने खातात, प्रथिनं भरपूर असतात म्हणे. मी एक खाल्ला, बापाची इज्जत म्हणून. चव मातीची आणि जुन्या शेंगांची. उरलेला पेला घेऊन अर्धा तास फिरलो, कारण रस्त्यावर कचऱ्याचा डबा सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी इन्सादोंगला भरपाई झाली. तिथे एक माणूस मधाचा कडक गोळा भोक पाडून ओढतो, पिठात बुडवतो, दुमडतो, ओढतो आणि मोठ्याने मोजतो : दोन, चार, आठ, सोळा... १४ वेळा दुमडला की १६,३८४ धागे. त्यात दाणे-बदाम गुंडाळून देतात. क्कुलतारे नाव. चिमणी म्हणाली सोनपापडी. आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते आणि मी मनात बेरीज तपासत होतो. बरोबर येते.

समुद्रकाठची :
बुसानला पीएचडी करते, म्हणून बुसानची बाजू मांडणं भाग आहे. सगळे सोल-सोल करतात. बुप्यॉंग क्कांगतोंग बाजाराला या. कोरियातला पहिला कायमचा रात्रबाजार तोच, २०१३ पासून. 'क्कांगतोंग' म्हणजे पत्र्याचा डबा. १९५० च्या युद्धात अर्धा देश पळून बुसानला आला, तेव्हा अमेरिकी छावणीतून आलेले डबाबंद पदार्थ इथे विकले जायचे. तेच नाव चिकटलं.

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला गल्लीच्या मधोमध गाड्यांची रांग लागते. लग्न करून कोरियात आलेल्या परदेशी बायकांच्या गाड्याही असतात. मी पहिल्या सेमिस्टरला एका व्हिएतनामी ताईच्या गाडीवर नेहमी जायचे. ती आणि मी, दोघींचं कोरियन सारखंच मोडकं. त्यामुळे आम्ही एकमेकींना अगदी नीट समजायचो. जवळच चित्रपट महोत्सवाच्या चौकात होत्तोक कापून आत सूर्यफुलाच्या वगैरे बिया ठासून भरतात, ते खा. आणि दान्पातजुक, पातची गोड दाट पेज. थंडीत रात्री ती खाल्ली की मला आजीची गव्हाची खीर आठवते. चव वेगळी आहे, वाटी धरण्याची पद्धत तीच.

पिशवीवाली :
खरेदीचं कोणी लिहित नाहीये म्हणून मी. मोजे. कोरियात मोजे घ्या. चित्रंवाले, लोकरीचे, बोटांचे, म्यॉंगदोंगच्या गाडीवर १,००० वॉनला जोडी मिळाली. मी २६ जोड्या आणल्या. भेट द्यायला छत्रीएवढं वजन नाही आणि फुटत नाहीत.

घासाघीस होते, पण आपल्यासारखी अर्ध्यावरून नाही. "क्काक्का जुसेयो" म्हणजे जरा कमी करा. हसून एकदाच म्हणायचं. भाव कमी नाही केला तरी वर काहीतरी टाकतात आणि म्हणतात, "सॉबिसू!" सर्व्हिस हा शब्द तिकडे फुकट या अर्थाने वापरतात. भाजीवाल्याने वर टाकलेली कोथिंबीर म्हणा ना. मला सहा जोड्यांवर एक जोडी सॉबिसू मिळाली, त्यावर बदकं आहेत.

रोख ठेवा जवळ. नोटा बघा जरा : ५०,००० च्या नोटेवर शिन साइमदांग ही चित्रकार बाई आहे आणि ५,००० च्या नोटेवर तिचा मुलगा, विद्वान यी ई. आईची किंमत मुलाच्या दहापट. माझ्या मुलाला दाखवून ठेवलंय.

गुगल मॅप चालण्याच्या रस्त्यांना तिथे उपयोगाचा नव्हता, 'नेव्हर' या कोरियन ॲपचा नकाशा घ्या.

बुधवारचा_वारकरी :
माझा अनुभव दोन ओळींचा. जॉन्जूच्या नांबू बाजारातला रात्रबाजार फार छान असतो असं वाचून सोलहून बसने गेलो. तो शुक्रवार-शनिवारी भरतो. मी बुधवारी गेलो.

बंद शटरसमोर काढलेला फोटो मागितल्यास टाकतो.

धागाकर्ती :
टाका!

नवखा_प्रवासी :
फेब्रुवारीत जातोय, बायको आणि सासूबाईंसह. सासूबाई माळकरी. मोजे किती जोड्या पुरतील?

पिशवीवाली :
घरची माणसं मोजा, त्यात इमारतीतले सगळे मिळवा.

मुगडाळ :
सासूबाईंना ग्वांगजांगला न्या. पिठात मांस नको हे सांगाच, आणि मी तेलाबद्दल जे लिहिलंय ते त्यांना वाचू देऊ नका. नाहीतर सरळ रताळी. आणि गरम बाक मिळाला तर जागा सोडू नका, मागे रांग असते.