तळघरातला मॉडेल रेल्वेचा लेआउट: बॉयलर आणि विजेचं पॅनेल आडवं येतंय

प्रश्न: भिंतीला धरून एचओ स्केलचा (खऱ्या रेल्वेच्या १:८७ मापाचा) लेआउट फिरवतोय. पॅनेलवर डोंगराचं झाकण बसवलं तर चालेल का? २२ इंच त्रिज्येचं वळण सोडवत नाही.

उत्तर: झाकण अजिबात नको! वीज गेली की अंधारात डोंगर उचलत बसाल. पॅनेलपुढे तीन फूट जागा मोकळी ठेवा, तिथे काढता येणारा पूल टाका. पुलाच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन फूट रुळांना वीज पुलाच्याच प्लगमधून द्या. पूल काढला की इंजिन अलीकडेच थांबतं, नाहीतर थेट फरशीवर.

दुसरं उत्तर: बॉयलरजवळ डोंगरासाठी थर्माकोल नको. आणि दुरुस्तीवाला आत शिरणार कुठून? माझा तेवढा भाग चाकांच्या टेबलावर आहे, सरकवला की झालं.

प्रश्नकर्ता: पूल पटला. डोंगर समोरच्या भिंतीला नेतो. वळण मात्र २२च!