‘व्हिडिओवरचा फ्लॅमेंको म्हणजे माकडचेष्टा’ म्हणणाऱ्यांसाठी

राजारामपुरीचा_राजा
काल इथं एका साहेबांनी टाकलंय की गुरूपुढं बसल्याशिवाय दक्षिण स्पेनमधली फ्लॅमेंको गिटार येणारच नाही, व्हिडिओ बघून वाजवणारे नुसत्या माकडचेष्टा करतात. साहेब, कोल्हापुरात फ्लॅमेंको शिकवणारा दाखवा, उद्याच गंडा बांधतो. मी क्लासला गेलो तर चार कॉर्ड आणि सिनेमाची गाणी. रास्गेआदो विचारलं, तर सर म्हणाले ‘ते स्ट्रमिंगच असतंय’. व्हिडिओत करंगळीपासून एकेक बोट सुटं उलगडताना दिसतंय, वेग निम्मा करून मनगटसुद्धा बघता येतंय. आणि फ्लॅमेंकोचा एवढा मोठा गिटारवाला पाको दे लुसिया, त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. बघून, ऐकूनच शिकला की.

खर्जातला
तो साहेब मीच. शब्द मागं घेत नाही. पाकोचं नाव काढून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलास. बाप गिटारवाला, थोरला भाऊ रामोन गिटारवाला, दुसरा भाऊ पेपे गाणारा. चुकलं की तिथंच कुणीतरी थांबवणार. तुला कोण थांबवतंय?

राजारामपुरीचा_राजा
आई. रोज रात्री दहाला.

सहा_तारा
फ्लॅमेंकोचा दुसरा मोठा गिटारवाला साबिकास कुणाकडं शिकला होता हो? बहुतेक स्वतःच. आणि फ्लॅमेंकोच्या मुलखातला, दक्षिणेतल्या आंदालुसियातला तर नव्हताच, उत्तरेकडच्या पाम्प्लोनाचा.

खर्जातला
साबिकास शतकात एक होतो. आपल्या गल्लीत अजून झालेला नाही.

मिरजेचा_मिस्त्री
तुमचं चालू द्या. मी वाद्यं दुरुस्त करतो. व्हिडिओ बघून पोरं साध्या गिटारीवर गोल्पे मारतात, म्हणजे बोटानं लाकडावर ठोका. खाली पट्टी नाही. साउंडहोलजवळ पॉलिश उडून लाकूड उघडं पडलेलं असतं, वर मलाच विचारतात ‘काका, असं कसं झालं?’ आधी गोल्पेआदोर, म्हणजे ती पट्टी चिकटवा, मग काय ते ठोका.

तबल्याचा_नाद
मला एक कळत नाही, फ्लॅमेंकोतल्या त्या सोलेआ प्रकाराच्या 12 मात्रांचं एवढं कौतुक कशाला? एकताल 12 चाच आहे. आमची पोरं सहज धरतील.

अनघा_शाहूपुरी
धरून दाखवा. एकतालात टाळ्या 1, 5, 9, 11 वर, सम पहिलीवर. सोलेआत वजन 3, 6, 8, 10, 12 वर आणि वाक्य मिटतं दहाव्यावर. एकताल डोक्यात ठेवून वाजवलंत की तुम्ही समेवर खुश आणि गाणारा बोंबलत.

तबल्याचा_नाद
ताई, अल्लादियाखाँसाहेबांच्या गावात आम्हाला लय शिकवू नका. मात्रा मात्राच असते.

खर्जातला
खाँसाहेबांना कशाला मध्ये ओढता? विषय गिटारचा आहे.

तबल्याचा_नाद
विषय तालाचाच आहे. तुम्ही लोक परदेशी म्हटलं की लगेच हात जोडता. तबल्याला मात्र साथीलाच बसवता!

अनघा_शाहूपुरी
फ्लॅमेंकोत गिटारही आधी साथीलाच होती, गाणं आणि नाचाच्या मागं. म्हणून खर्जातल्यांचं निम्मं पटतं, नाइलाजानं. मी स्पेनमधल्या सेव्हियाच्या सरांकडं ऑनलाइन शिकते. ते टाळी देतात ती माझ्याकडं उशिरा पोचते, मग दोघंही अडखळतो. शेवटी त्यांनी पाल्मास, म्हणजे टाळ्यांचा ताल, रेकॉर्ड करून पाठवायला सुरुवात केली. त्यावर माझी फाल्सेता, म्हणजे गिटारची सुरावट, अगदी चोख बसते. पण एकदा त्यांच्या ओळखीची बाई कॉलवर गायली. तिनं एक ओळ मनाला येईल तेवढी लांबवली, मी ठरलेला कॉर्ड वाजवून मोकळी. तिनं गाणंच थांबवलं. कुठल्या व्हिडिओनं मला असं थांबवलं नव्हतं.

खर्जातला
निम्मं का? पूर्ण माझंच म्हणणं झालं हे.

अनघा_शाहूपुरी
नाही झालं. रास्गेआदो, एकेक सूर वेगानं वाजवायचा पिकादो, अंगठ्याचं आल्सापुआ मी व्हिडिओवरच बसवलं, म्हणून तर त्या बाईपुढं बसायची हिंमत झाली. तुमच्या हिशोबानं मी अजून गुरूची वाट बघत बसले असते.

राजारामपुरीचा_राजा
नाद खुळा, ताई! साहेब, आता तरी ‘माकड’ काढा.

खर्जातला
बरं. हात व्हिडिओवर बसतो, एवढं लिहून घ्या. कान बसत नाही. माकड तुझ्यापुरतं ठेवतो.

तबल्याचा_नाद
बुलेरिया ऐकली आत्ता, तोही 12 मात्रांचाच फ्लॅमेंको प्रकार. मोजणी बाराव्यावरून सुरू करतात म्हणे. मग बाराव्याला सम म्हणा की सरळ, कशाला घोळ?

अनघा_शाहूपुरी
दादा, गिटारवाला मी देते. तुम्ही तबला घेऊन या, तुमच्या समेसकट.