विद्यार्थिनीने विश्वासाने सांगितलं, मी "कुणाला सांगणार नाही" म्हणून बसले. आता?

नांदेडची_पोर
अमेरिकेत, जॉर्जियातल्या एका विद्यापीठात पीएचडीचं तिसरं वर्ष. केमिस्ट्रीची लॅब शिकवते. माझ्या सेक्शनला एक ब्लॅक मुलगी आहे, सेकंड इयरची. तिची लॅबची वही मी इतरांना दाखवते, इतकी नेटकी. सलग दोन लॅब बुडवल्या तिने. काल ऑफिस अवरला आली, म्हणाली पार्टनर बदलून द्या. मी नुसतं "का गं?" विचारलं आणि ती रडायलाच लागली. तीन आठवड्यांपूर्वीच्या पार्टीनंतर एका मुलाने केलेल्या अत्याचाराचं सगळं सांगितलं. तो मुलगा म्हणजे हिच्या लॅब पार्टनरचा रूममेट, तोही ब्लॅक. "कुणाला सांगू नका" म्हणाली, मी हो म्हटलं. रात्री ट्रेनिंगच्या स्लाइड्स उघडल्या तर आमच्याकडे टीएसुद्धा (म्हणजे माझ्यासारखे शिकवणारे विद्यार्थी) मँडेटरी रिपोर्टर, म्हणजे असं काही कळलं की विद्यापीठाला कळवावंच लागतं! तिचं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये: "आपल्यातल्याच एका मुलाचं नाव मी पोलिसांना देऊ? आणि दिलं तरी माझं खरं कोण मानणार?"

सदू_सनीवेल
एफ-1 वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर आहेस ना? ईमेल टाक आणि बाजूला हो. नसत्या भानगडीत पडू नकोस.

बाल्टिमोरची_नर्स
सदूभाऊ, ईमेल टाकायचाच आहे, पण बाजूला कसं होणार? ती हिच्याकडे आली आहे.

पोरी, मी 19 वर्षं इमर्जन्सीत काढली. रिपोर्ट पाठवायच्या आधी तिला गाठ, आजच. "मी हो म्हटलं ते चुकलं, मला कळवावं लागतं" असं सरळ सांग. मागाहून ऑफिसचा ईमेल येऊन तिला कळलं तर ती परत तुझ्या दारात येणार नाही. हेही सांग की तू कळवलंस म्हणजे तक्रार झाली असं नाही. टायटल नाइनवाले (शिक्षणातला लिंगभेद रोखणाऱ्या कायद्याचं कॉलेजमधलं ऑफिस) तिला ईमेल करतील, त्याला उत्तर द्यायचं की नाही ते तिने ठरवायचं. औपचारिक तक्रार न करताही मुदतवाढ, खोली बदलणं, त्याने संपर्क करू नये असा आदेश, हे मागता येतं. ज्यांना सहसा कळवावं लागत नाही अशी माणसं म्हणजे काउन्सेलर आणि चॅप्लेन (कॉलेजमधले धर्मगुरू). तिथे ती मोकळेपणाने बोलू शकेल.

पुराव्यासाठीची तपासणी पहिल्या काही दिवसांतच होते, ती वेळ गेली. (पुढे कुणाला लागलं तर: पोलिसांत न जाताही ती मोफत करून मिळते.) इन्फेक्शनच्या टेस्ट मात्र अजूनही करून घ्याव्यात.

आणि "तू किती स्ट्राँग आहेस" हे चुकूनही म्हणू नकोस. ब्लॅक मुलगी गप्प बसली तर आमच्या इमर्जन्सीतलेच काही म्हणायचे, हिला काही झालेलं दिसत नाही. आवाज चढला की लगेच "अ‍ॅग्रेसिव्ह". तिने रडायचं तरी कसं, सांगा.

विदर्भ_टू_व्हर्जिनिया
तिचं ते वाक्य आजचं नाही. 1944 साली अलाबामातल्या अ‍ॅबेव्हिलमध्ये रेसी टेलर चर्चमधून घरी निघाली होती, गोऱ्या तरुणांनी तिला पळवून अत्याचार केला. चौकशीला ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीने रोझा पार्क्सना पाठवलं, त्यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला त्याच्या 11 वर्षं आधी. दोन ग्रँड ज्युरी (खटला भरायचा का ते ठरवणारे नागरिक) बसल्या, आरोप एकावरही ठेवला नाही. आणि 1955 मध्ये मिसिसिपीत 14 वर्षांच्या एमेट टिलला गोऱ्या बाईची छेड काढल्याच्या आरोपावरून मारून टाकलं. बाईचं ऐकून घेतलं जात नाही आणि पोरावर आरोप झाला की जीव जातो, ही दोन्ही भीती तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

आपल्याला हे परकं वाटायला नको. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात अत्याचार झालेली मथुरा, आदिवासी मुलगी, 1972. अंगावर जखमा नाहीत म्हणून 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं. टायटल नाइनही 1972 चाच.

कामाचं: टायटल नाइनची 2024 ची नियमावली जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने रद्द केली, 2020 ची परत आली. म्हणजे तिने औपचारिक तक्रार केली तर सुनावणीत समोरच्याचा सल्लागार तिला उलटे प्रश्न विचारू शकतो. दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवा अशी मागणी करता येते. तिचा सल्लागार नसेल तर सुनावणीसाठी कॉलेजला विनामूल्य द्यावा लागतो. हे तिला आधीच माहीत असू दे.

नांदेडची_पोर
बोलले. आधी चिडली, बॅग उचलून दारापर्यंत गेली, मग परत येऊन बसली. काउन्सेलिंग सेंटरला सोबत गेले. तिने विचारलं, कुणी ब्लॅक बाई आहेत का? एक आहेत, पण अपॉइंटमेंट 11 दिवसांनी. थांबते म्हणाली. सेक्शन बदलून मंगळवारचा देऊ का?

बाल्टिमोरची_नर्स
तिला विचारलंस? नेहमी हिनेच का उठून जायचं?

नांदेडची_पोर
विचारलं. तिला याच सेक्शनला राहायचंय, खिडकीजवळच्या त्याच बेंचवर. पण मग त्या पार्टनरला हलवायचं कारण काय सांगू?

विदर्भ_टू_व्हर्जिनिया
कारण कशाला? सगळ्या वर्गाच्या जोड्या बदल आणि यादी दारावर लाव.