कथेचा पहिला खर्डा कुणापुढे ठेवता? मराठवाड्यातल्या लिहित्या माणसांचे अनुभव

धागाकर्ती, अंबाजोगाई

आपल्याकडे मंचांना तोटा नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२० ला उस्मानाबादला झालं, २०२२ ला उदगीरला. तालुक्यातालुक्यातली निराळीच. पण तिथं भेटतो तो पुस्तक झालेला लेखक. तिसऱ्या पानावर अडकलेल्या माणसानं जायचं कुठं? कवीचं बरं असतं, दोन मिनिटांत कविता, लगेच टाळी. कथा ऐकायला अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ घरचेही देत नाहीत.

तर, सोबत लिहिणाऱ्यांकडून तुम्ही काय शिकलात ते इथं सांगा. "खूप छान, लिहीत राहा" हे सोडून.

गोदाकाठचा मास्तर, परभणी

आम्ही रविवारी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतो. दोन शिक्षक, एक कृषी सहायक, एक मेडिकलवाला आणि मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीवर मुनीमकी करणारे काका. काका स्वतः गूढकथा लिहितात, भुताच्या. कडक नियम एकच: आपली कथा आपण वाचायची नाही. दुसऱ्यानं वाचायची, लेखकानं तोंड उघडायचं नाही. स्वतः वाचताना आपण लंगडं वाक्य आवाजानं सावरून नेतो. दुसरा तिथं अडखळतो. अडखळला की पेन्सिलीची खूण. एका पानावर अशा खुणा झाल्या की ते पान उगीचच लिहिलंय हे कुणी सांगावं लागत नाही.

माझ्या कथेत शेतकरी सोयाबीन घेऊन मोंढ्यात येतो, भाव पडलेला असतो, तो चिडून हिशोबाची पट्टी फाडतो आणि आडत्याच्या अंगावर फेकतो. वाचणाऱ्यानंही ते मोठ्या जोशात वाचलं. काका म्हणाले, "मास्तर, पट्टी कोण फाडतंय? हमाली, तोलाई कापून हातात काय पडणार ते तिच्यावरच लिहिलंय. अन् पेरणीला पैसे कुणाकडून नेलते त्यानं? ह्याच आडत्याकडून. पुढच्या सालीबी ह्याच दारात यायचंय."

मग तो करतो काय, मी विचारलं.

"काय करतो? पट्टीची घडी घालून खिशात ठेवतो. अन् म्हणतो, चहा तरी सांगा शेठ."

कथा तिथंच संपवली. एका दिवाळी अंकात आली, आणि वाचकांची जी थोडी पत्रं आली त्या सगळ्यांत त्या चहाचा उल्लेख होता. मानधन मला मिळालं, काकांना मी चहा पाजला.

धागाकर्ती

मास्तर, मुनीम काकांना इथं आणा.

मास्तर

ते म्हणतात, मोबाइलवर लिहिलं की भूत पळतं.

कोयत्याची लेक, बीड

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळी निघायची, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, अंगावर घेऊन. मी निम्मं वर्ष आजीजवळ, निम्मं उसाच्या फडावर. आता एका कार्यालयात कारकून आहे. आम्हा बायकांचा गट व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, कारण रात्री भांडी झाल्यावरच सगळ्या मोकळ्या. कथा बोलून पाठवतो. कुणी चुलीपुढं ऐकतं, कुणी एसटीत.

ऊसतोडीवर लिहितेय म्हटलं की बाहेरच्या लोकांचा चेहरा आधीच पडतो. रडायच्या तयारीनं ऐकतात. मलाही तेच जमायला लागलं होतं: थंडी, पाचटाची कोपी, रडणारं लेकरू, डोक्यावर मोळी. गटातली एक जण माझ्यासारखीच फडावर वाढलेली. तिनं पहाटे निरोप पाठवला: "तुझ्या गोष्टीत कुणी हसतच न्हाई की गं. आपल्या टोळीत किती खिदळायचे सगळे. गाडी भरताना तुझी माय मुकादमाची नक्कल करायची, ते कुठंय?"

ते मी कुठंच लिहिलं नव्हतं, कारण ते कुणी मागितलंच नव्हतं.

पुन्हा लिहिताना मी गोष्ट आईच्या नकलेपासून सुरू केली. आई मुकादम होऊन आईलाच दरडावते, "कोयता मोडला तर खाडा धरीन", सगळे हसतात, आणि मागं खरा मुकादम येऊन उभा. पुढं लिहायला मला वेगळं दुःख आणावं लागलं नाही. शिवाय त्याच मैत्रिणीनं सुचवलं म्हणून एक परिच्छेद मुकादमाच्या बाजूनं लिहिला. त्याच्यावरही कारखान्याचे पैसे असतात, टोळी पळाली तर तो बुडतो. त्याची बाजू लिहिली म्हणजे त्याला माफ केलं असं नाही. पण तो जिवंत झाल्यावर त्याची भीती जास्त वाटायला लागली.

एकटा बरा, नांदेड

थोडा उलटा अनुभव. आमच्या गटात सगळे सज्जन. एकाच्या कथेत शेवटी शेतकऱ्यानं गळफास घेतला, सगळ्यांचे डोळे भरून आले. पुढच्या बैठकीत तीन कथा, तिन्हींत गळफास. रडवता येतं हे कळलं की लोक तिथंच जातात. विषय खरा आहे, आमच्या घराजवळ घडलेला आहे, म्हणून तर असं स्वस्तात वापरू नये. मी बोललो, वाईटपणा आला, बाहेर पडलो. आता एकाच मित्राला दाखवतो. तो लेखक नाही, ट्रॅक्टरचा मेकॅनिक आहे. कंटाळा आला की सरळ उठून जातो. कुठल्या पानावर उठला ते मी लिहून ठेवतो.

औसा रोड

नांदेडकरांशी सहमत. आमच्या भागात तसंच भूकंपाचं होतं. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीवर कथा म्हणजे पहिल्याच ओळीत जमीन हादरते, मातीच्या छताची माळवदं कोसळतात आणि पुढच्या पानभर किंकाळ्या. मी जन्मलो त्यानंतर, माझी कथाही तशीच होती. गटातले एक निवृत्त ग्रामसेवक त्यातून वाचलेले. त्यांनी कथेबद्दल एक शब्द न बोलता आदल्या रात्रीचं सांगायला सुरुवात केली: गणपती विसर्जन उशिरापर्यंत चाललेलं, लोक दमून झोपलेले, कुणाची ढोलकी कुणाच्या ढेलजेत राहिलेली. ती सकाळी परत करायची होती.

आणि मग एकदम पुनर्वसनातल्या घरांवर आले. सरळ रेषेतल्या गल्ल्या, सारखी घरं, शेजारी बदललेले. त्यांची आई म्हणे कित्येक महिने दुसऱ्याच घरात शिरायची. मधला भूकंप त्यांनी सांगितलाच नाही, आम्हीही विचारला नाही.

माझी कथा आता त्या ढोलकीच्या मालकाची आहे. भूकंप दोन परिच्छेदांच्या मधल्या कोऱ्या जागेत आहे. एका संपादकांनी "प्रसंग विस्ताराने हवा" म्हणून परत पाठवली. गटाचं मत पडलं, पाठवू दे परत.

नवखी, हिंगोली

मला गट नाही. मी रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'ची पानं वहीत उतरवून काढते. सगळी कादंबरी पारबतीच्या तोंडून, तिच्याच बोलीत. ती कुठंही थांबून वाचकाला समजावत बसत नाही. एक प्रश्न: मी संवाद बोलीत लिहिते आणि निवेदन प्रमाण मराठीत. चालतं का?

सीमेवरचा, उदगीर

चालतं, पण निवेदक कोण ते आधी ठरवा. सांगणारा गावातलाच असेल आणि निवेदनात पुस्तकी बोलत असेल तर तो पाहुण्यासारखा बाजूला उभा राहतो. शहरातून परतलेला असेल तर हीच फट उपयोगी पडते. आमच्याकडं मराठीत कन्नड, उर्दू सहज मिसळलेलं. आम्ही गटात एक करतो: कथा एका शेजाऱ्याला आणि एका पुण्यातल्या नातेवाइकाला वाचायला द्यायची. पुणेकर एखाद्या शब्दाला अडला तर अडू द्यायचा. गोष्टीलाच अडला तर आमचं चुकलं. आणि प्रत्येक वाक्यात 'लई' टाकून बोली होत नाही, हे मी आमच्यातल्या एकाला दर बैठकीला सांगतो.

जालन्याची वहिनी

कुणी हे काढलंच नाही म्हणून लिहिते. गटानं सांगितलं, ओळखीची माणसं लिही, खरी उतरतात. वाटणीच्या वेळी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडणारे चुलत सासरे लिहिले. नाव बदललं, गाव बदललं, मिशी काढून टाकली. गटातल्या वकील ताई म्हणाल्या, अजून ओळखू येतात, त्यांना बाई कर. केली. विधवा नणंद झाली आणि कथा दुपटीनं धारदार झाली, कारण तिला पाण्याची पाळी मागायचा हक्क आहे का इथूनच भांडण सुरू झालं.

चुलत सासऱ्यांनी वाचून सांगितलं, कथा चांगली आहे, पण ही बाई आपल्या भावकीतली कोण ते कळंना. आता ते घरोघर विचारत फिरताहेत.